माय बँकॉकात हरवली त्याची गोष्ट

माझ्या मायने आयुष्यात दोन हट्ट केले. पहिला मला शाळेत घालण्याचा. दुसरा तिने एकाहत्तराव्या वर्षी केला. आमच्या रोहणा गावच्या वावरात वांगी तोडता तोडता ती म्हणाली, "सारेच बुद्धाचे हायेत, असा देश कसा असते, मले एकदा पाहू दे." आम्हा बौद्धांची घरे गावाच्या एका अंगाला आहेत, त्यामुळे तिचे कुतूहल मला समजत होते. मी वर्ध्याला सरकारी नोकरीत. रजा साचलेली होती. नागपूरहून कोलकाता आणि तिथून बँकॉक, असे आम्ही दोघेच गेलो.

हॉटेल जुन्या बाजाराच्या गल्लीत होते. पहिल्या सकाळी बाहेर पडलो तर फुटपाथवर स्वयंपाक चालला होता. उरलेल्या जागेत दुकाने होती आणि त्यातूनही उरलेल्या जागेतून मोटरसायकली जात होत्या. डोक्यावर विजेच्या तारांचे हे एवढाले गुंते. मायने वर पाहिले.

"आपला लाइनमन इथं येऊन गेला वाट्टे."

रस्ता गाड्यांनी ठासून भरलेला, पण हॉर्न कोणी वाजवत नव्हते. आमच्याकडच्या जाम गावच्या चौकात एक ट्रक जेवढा आवाज करतो तेवढा इथे अख्खा रस्ता मिळून करत नव्हता. मायला ते काही बरे वाटले नाही. "भांडन झालं का यायचं? कोनी कोनाशी बोलून नाई राह्यलं."

पुढे एका हातगाडीवर तळलेल्या अळ्यांचे ढीग होते. माणसे द्रोणातून भज्यांसारख्या खात होती. माय थांबली आणि वाकून नीट पाहून म्हणाली, "आपल्या तुरीवर पडल्या होत्या तवा काऊन नाई आले हे लोक?"

मी फोनचे कार्ड घ्यायला एका दुकानात शिरलो. माय दारात उभी होती. दुकानदार बाईने पासपोर्ट मागितला, फोटो काढला, दोन ठिकाणी सही घेतली. मी वळलो तर दार मोकळे.

गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी दोनदा पळालो. मग "माय!" म्हणून ओरडलो. तिथे कोणी ओरडत नसल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तिच्याकडे फोन नव्हता, हॉटेलचे नाव तिला ठाऊक नव्हते आणि थाई भाषेतला एक शब्द येत नव्हता.

कोपऱ्यावर पोलिसांची चौकी होती. तिथल्या तरुण पोलिसाने फोनवरच्या भाषांतर यंत्रातून विचारपूस सुरू केली. वय? एकाहत्तर. कपडे? निळ्या काठांचे पांढरे लुगडे. भाषा? मी सवयीने "वऱ्हाडी" म्हणालो. त्याने यादी वरखाली केली; वऱ्हाडी नव्हती, मराठी होती. मग यंत्र बाईच्या आवाजात म्हणाले, "आपली आई कोणत्या दिशेने गेले?" ते माहीत असते तर मी तिथे नसतो, पण हे यंत्राला सांगून उपयोग नव्हता. पोलिसाने मला पाण्याची बाटली दिली, थोडा विचार केला आणि पुन्हा यंत्रातून विचारले.

"आईला काय आवडते?"

मी पन्नाशीचा माणूस. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मग वांग्यांच्या कडेने ती दरवर्षी झेंडू लावते ते आठवले. "फुलं," मी म्हणालो.

तो उठला आणि मला मागच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे ओळीने फुलांची दुकाने होती. तिसऱ्या दुकानात, दोन बायांच्या मधोमध, प्लास्टिकच्या स्टुलावर माय बसली होती आणि झेंडूचा हार ओवत होती.

"माय, सांगून नाई जात का?"

"तू सह्या करून राह्यला होता."

मी तिथेच जमिनीवर बसलो. पोलिसाने माझा दंड धरला. माय म्हणाली, "चक्कर आली का रे? सकायपासून काई खाल्लं नाई तुनं." त्यावर मी रडलो. दुकानातल्या थोरल्या बाईने माझ्यापुढे सूपचा वाडगा ठेवला. पोलिसाने कागदावर काहीतरी लिहिले, मायला हात जोडले आणि तो गेला.

हार ओवून झाल्यावर थोरली बाई आम्हाला शेजारच्या विहारात घेऊन गेली. सगळे गुडघे टेकून बसले आणि म्हणू लागले, "फुत्थांग सरनांग खत्छामि." मायने मान वर केली. क्षणभर ऐकले. मग "बुद्धं सरणं गच्छामि" असे खणखणीत सुरू केले आणि सगळ्यांच्या आधी संपवले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उच्चार चुकते बाप्पा यायचे."

"मंग सांगतेस का त्यायले?"

"नाई. आपन पाहुने हावो."

पुढचे चार दिवस ती रोज सकाळी त्याच स्टुलावर जाऊन बसायची. राजवाडा पाहायला ये म्हटले तर म्हणाली, "तू पाहून ये अन् मले सांगजो." मी गेलो. परत येऊन सोन्याचे कळस, रंगीत काचा, लांबलचक भिंतींवरची चित्रे, सगळे सविस्तर सांगितले. तिने हातातला दोरा न थांबवता ऐकून घेतले.

"येवढं मोठं हाय, तं झाडते कोन?"

ते मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बायका झाडत होत्या.