भिंतीपलीकडचा खोकला

ते तीन आठवडे माझ्या गाडीत रोज दोन माणसं असायची. पुढच्या सीटवर चिनी फोरमन, मागे जपानी इन्स्पेक्टर. मी आखातात, गाला नावाच्या भागातल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. सीब गावाच्या पुढे पाण्याचं पंपिंग स्टेशन उभं राहत होतं. पाइपलाइन चिनी कंपनीने टाकलेली, पंप जपानहून आलेले. पंप चालवून बघायचे आणि कागदांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या, एवढंच राहिलं होतं. साइटला जायला एकच गाडी, आणि ती चालवणारी मी.

दोघंही साठीच्या आसपासचे. फोरमनचं इंग्रजी वीस-पंचवीस शब्दांचं, त्यात 'खलास' आणि 'यल्ला' हे इथले अरबी शब्द धरून. अडलं की ते मोबाइलमध्ये चिनी बोलायचे आणि मोबाइल इंग्रजीत काहीतरी भलतंच सांगायचा. मग ते स्वतःच हसायचे.

एकदा अझैबा भागात इन्स्पेक्टरांच्या हॉटेलखाली आम्ही दोघं थांबलो होतो. फोरमननी मला त्यांच्या गावाचा फोटो दाखवला. कालवा, दगडी पूल, कौलारू घरं. गावाचं नाव ताइअरच्वांग. "इथे मोठी लढाई," ते म्हणाले. बाकीचं मोबाइलने सांगितलं. १९३८ साली जपानी फौज त्या गावात घुसली होती. चिनी सैनिक घराघरातून लढले. शेवटी जपान्यांना मागे हटावं लागलं, पण तोवर गावाचा ढिगारा झाला होता. त्यांचे आजोबा तिथेच गेले. वडील तेव्हा एक वर्षाचे. आजोबांचं प्रेतही मिळालं नाही.

एवढ्यात इन्स्पेक्टर आले, मागे बसले आणि दोघांनी एकमेकांना गुड मॉर्निंग केलं. मी घाईने गाडी सुरू केली.

दोन-तीन दिवसांनी साइटच्या केबिनमध्ये चहा घेताना इन्स्पेक्टरांनी सहज विचारलं, "आपले फोरमन चीनमध्ये कुठले?" मीही सहज गावाचं नाव सांगून गेले. त्यांनी कप खाली ठेवला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

"माझे आजोबा तिथे होते," ते म्हणाले. "सैन्यात."

आई वारल्यावर त्यांना घरात आजोबांची डायरी सापडली होती. अक्षर जुनं, वाचायला कठीण. गेलं वर्षभर ते एकेक पान उतरवून काढत होते. काही पानांच्या प्रती इथेही बरोबरच्या फाइलमध्ये होत्या.

"मॅडम, मी त्यांना सांगायला हवं ना?"

मी एका क्षणात उत्तर दिलं. "नका सांगू, सर. निदान सह्या होईपर्यंत तरी नको."

आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. मी त्यांच्या भल्याचा विचार करत नव्हते. काम अडेल, वरचे लोक मला विचारतील, याचीच मला धास्ती होती. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू बरोबर केलंस. मध्ये पडू नकोस." पण मी मध्येच तर होते. रोज स्टिअरिंगवर बसून.

पुढचे पाच दिवस मी गाडीत नुसती बडबडत राहिले. ऊन, ट्रॅफिक, मुलीची परीक्षा, काहीही. गाडीत शांतता झाली की आरशात बघायची. इन्स्पेक्टर कधी फोरमनच्या मानेकडे बघत असायचे, कधी मांडीवरच्या फाइलकडे.

सहाव्या दिवशी हायवेवर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. मागची फाइल सरकून दोन सीटच्या मध्ये पडली, कागद पुढे घसरले. फोरमन ते गोळा करायला वाकले. जपानी लिखाणात कितीतरी अक्षरं चिनीच असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांचा हात एका पानावर थांबला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि आपल्या गावाचं नाव मोठ्याने वाचलं.

मागून इन्स्पेक्टर हळूच म्हणाले, "माझे आजोबा."

"स्टॉप," फोरमन म्हणाले. "मॅडम, स्टॉप."

मी पेट्रोल पंपाजवळ गाडी बाजूला घेतली. ते उतरले आणि उन्हात चालू लागले. मी मागे धावले.

"मला माहीत होतं," धापा टाकत मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. "मीच त्यांना सांगू नका म्हटलं."

"किती दिवस?"

"पाच."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्यांनी इन्स्पेक्टरांवरही टाकली नव्हती. फोन करून त्यांनी कामगारांची बस बोलावली आणि तिने गेले.

तीन दिवस ते बसनेच आले. पंपावरचं काम चोख करायचे, पण आमच्याकडे बघायचे नाहीत. इन्स्पेक्टर डबा न उघडताच परत न्यायचे. आता सह्यांचं काय होईल, हा विचारही माझ्या मनात येईनासा झाला होता. केबिनचं दार वाजलं की मी उठून उभी राहायची.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळेला फोरमन आत आले. खुर्ची ओढली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्यात काहीतरी बोलले. मोबाइल म्हणाला, "आमच्या माणसांबद्दल त्याने काय लिहिलं?"

इन्स्पेक्टरांनी पान काढलं. एक वाक्य जपानीत वाचायचे, मग इंग्रजीत सांगायचे, मग मोबाइल चिनीत. मोबाइल चुकला की पुन्हा. चिनी सैनिक भिंतींना भोकं पाडून या घरातून त्या घरात येत होते. एका घरात भिंतीच्या अलीकडे जपानी, पलीकडे चिनी. दिवसभर पलीकडून कुणीतरी खोकत होतं. दुसऱ्या दिवशी खोकला थांबला. आजोबांनी लिहिलं होतं की मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीती वाटली.

फोरमननी ते पान आपल्याकडे ओढून घेतलं. "कुणीही असेल," ते म्हणाले. "खूप माणसं होती."

इन्स्पेक्टर उठून कमरेत वाकले. काहीतरी बोलू लागले, पण फोरमननी हात वर केला. "सॉरी नको. पेपर द्या. वडिलांना."

वडील अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, गावाकडे.

दुसऱ्या दिवसापासून फोरमन पुन्हा गाडीत बसू लागले. सह्या झाल्या. दोघांनी हात मिळवले नाहीत. इन्स्पेक्टर जपानला परत गेले. माझ्याशी फोरमन कामापुरतंच बोलायचे, आणि ते मला योग्यच वाटायचं.

महिन्याभराने, पुढच्या टप्प्याच्या पाइपांचं काम सुरू असताना, धीर करून मी विचारलं, "वडील काय म्हणाले?"

त्यांनी व्हिडिओ कॉलवर ते पान वाचून दाखवलं होतं. वडिलांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. नंतर एवढंच विचारलं, तो माणूस खोकत होता तेव्हा तिथे थंडी होती का?

मी त्याच दिवशी इन्स्पेक्टरांना ईमेल केली. चार दिवसांनी उत्तर आलं: "सगळी पानं पुन्हा वाचली. त्या दिवसाच्या हवेबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. माफ करा."

ते मी फोरमनना सांगितलं. त्यांनी मान हलवली, हेल्मेट घातलं आणि वेल्डरांना हाका मारत पाइपांकडे निघून गेले.