उजव्या हाताचं बोट

कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभा राहणारा गडी एकटा नसतो. त्याचा उजवा हात शेजारच्या गड्याच्या हातात असतो. आमच्या तळेगाव ढमढेरेच्या संघात हा शेजारचा गडी म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. दिवसा त्याची रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट, संध्याकाळी मैदान. चढाईवाला आत आला की दादा माझं बोट एकदा दाबायचा, म्हणजे थांब. दोनदा दाबलं की झेप घ्यायची आणि घोटा धरायचा. तोंडानं बोललं तर चढाईवाल्याला कळतं, म्हणून हा बोटांचा कारभार.

याच कारभारावर मी मोठा झालो. लीगमध्ये गेलो, टीव्हीवर दिसलो, गावच्या कमानीला माझा फ्लेक्स लागला. त्यात मला इतका गोरा केला होता की आईनं विचारलं, "ह्यो कोण रं?" घोटा धरावा तर मीच, अशी माझी वट होती. पण घोटा धरायला आधी मान पुढं घालावी लागते, हे फ्लेक्सवर कुणी छापत नाही.

यंदाच्या हंगामात एकाचा गुडघा माझ्या मानेवर बसला. पुढं उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. पुण्यात गुपचूप एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, "परत असा मार बसला तर हातपाय जातील. खेळ थांबवा." मी मान डोलावली, तीही बेतानं. घरी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या हंगामाचा करार व्हायचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मी फार घाबरलो होतो. सकाळी जाग आली की आधी पायाची बोटं हलवून बघायचो. हलली की हायसं वाटायचं, आणि मग शर्टाची बटणं लावताना परत घाम फुटायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा तर मानेवरच येऊन बसला होता.

त्यात गावची यात्रा आली. पोरगा कितीही मोठा होऊ दे, यात्रेच्या सामन्याला गावाकडून उतरतोच. नाही म्हणाला तर घरच्यांना वर्षभर पारावरचे टोमणे खावे लागतात. मैदानाची माती कपाळाला लावली आणि उतरलो.

समोर वरवंडचा संघ. शेवटाला गुण बरोबरीत होते. त्यांचा दांडगा चढाईवाला माझ्याकडं सरकला आणि मला त्याचा चेहरा दिसेना, नुसता गुडघा दिसायला लागला. लोक "धर, धर" म्हणून ओरडत होते. सवयीनं मी झेपावलो आणि जागीच अडकलो. दादानं माझं मनगट दोन्ही हातांनी धरून मला मागं ओढलं होतं. चढाईवाला बोनसचा गुण घेऊन निघून गेला. आम्ही एका गुणानं हरलो.

मांडवामागं गेल्यावर मी दादावर भडकलो. "ओढलंस कशाला मला? गावात आता तोंड कसं दाखवू?"

"गावाचं मरू दे. म्या एकदाच दाबलं व्हतं, थांब म्हून. तरी तू निघालास. आज सुरुवातीपासनं असंच चाललंय. काय झालंय तुझ्या हाताला?"

"काय न्हाई."

"काय न्हाई? मग तिकडं बघ. म्या किती येळा दाबतो ते सांग."

मी तोंड फिरवलं. समोर पाळणा फिरत होता, रसवंतीची घुंगरं वाजत होती. मी वाट बघत राहिलो.

"दाब की," मी म्हणालो.

मग मी वळून पाहिलं. त्यानं माझं बोट मुठीत गच्च आवळून धरलं होतं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.