साडूच्या गाडीचं मागचं चाक

माझा साडू मला कधीच आवडला नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लाज वाटायला नको. माणूस हसरा, निर्व्यसनी, थोरामोठ्यांच्या पाया पडणारा. डाळिंबाच्या व्यापारात त्याचं बस्तान बसलं, त्यानं इंदापुरात घर बांधलं आणि मग गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, पुण्याच्या कुणीतरी दोन-तीन वर्षं वापरलेली. मी बारामतीजवळच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या विभागात टायर फिटर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं काढायची आणि बसवायची. म्हणजे दोघा जावयांत चारचाकीला हात आधी माझा लागला होता. पण चाकापुरताच.

नव्याण्णव साली अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिकात सासुरवाडीला जावयांचं धोंड्याचं जेवण असतं. आमची सासुरवाडी शेळगावची, आणि आम्हा दोघांना एकाच दिवशी आवतण होतं. मी थोरला जावई. बायको, आठ वर्षांची लेक आणि मी, तिघं बसनं फाट्यावर उतरलो आणि तिथनं चालत निघालो. घरी पोचेपर्यंत माझा नवा सदरा पाठीला चिकटला होता.

बघतो तर दारातल्या लिंबाखाली साडूची गाडी उभी, आणि बैल तिकडं गोठ्याच्या भिंतीला उन्हात बांधलेले. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत त्या घरात मेंढरं होती. पुढं मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विहीर पाडून वांगी-टोमॅटो सुरू केलं, पण जनावराला आधी सावली आणि मग माणसाला, हा त्या घरचा कायदा काही बदलला नव्हता. मामांनी तो त्या दिवशी स्वतःच्या हातानं मोडला. मला तर कुणी लवकर या म्हणालं नाही, सावलीत बसा म्हणालं नाही.

माझी लेक पळत गाडीपाशी गेली आणि जमलेल्या पोरांना दरडावायला लागली, "हात लावायचा न्हाय, आमची गाडी हाय!" आमची! मी तिथंच चप्पल झटकत उभा. तेवढ्यात मेव्हणीनं माझ्या बायकोला पुढच्या सीटवर बसवलं आणि काच कशी खाली करायची ते दाखवलं. बायकोनं काच खाली केली, वर केली, परत खाली केली आणि हसली. लग्नाला दहा वर्षं झाली होती. तसं हसताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि ते हसू दुसऱ्याच्या गाडीत होतं.

मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, दोघांचे पाय धुतले, टिळा लावला, अनारशांवर दिवा ठेवून वाण दिलं. रीतीत काही कमी केलं नाही. पण मला विचारलं, "बसला गर्दी व्हती का?" आणि त्याला विचारलं, "गाडीला काय तरास न्हाय ना झाला?" मी मनात म्हटलं, आता गाडीचेही पाय धुवा.

साडूनं सरळ मनानं सांगून टाकलं की येताना मागच्या डाव्या चाकात खिळा घुसला, वाटेत दुकान होतं, पंक्चर काढून घेतलं. मामींचा तूप वाढता हात तिथंच थांबला. कारण जेवणं झाली की सगळ्यांनी त्या गाडीतनं नरसिंगपूरला जायचं होतं. दोन्ही लेकींना घेऊन संगमावर अधिकाची आंघोळ करायची, हे मामींनी मागच्या अधिकातच बोलून ठेवलं होतं. तीन वर्षं त्या वाट बघत होत्या, आणि नेणारी गाडी आता कुठं दारात आली होती.

"बया, पंक्चर काढल्यालं चाक," मामी म्हणाल्या, "आन एवढी माणसं. फुटलं बिटलं म्हंजी?"

मामा हसले. "आगं, आपल्या घरात टायरचा डॉक्टर हाय की. जावईबापू, जेवान झालं की बघा बरं जरा. तुमी म्हनाल तसं."

तुमी म्हनाल तसं! त्या घरात हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी पुरणाचे दोन धोंडे जास्त खाल्ले.

पंक्चर काढलेलं चाक चालतं का, हे मला आजही लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. टायर रस्त्याला टेकतो त्या मधल्या पट्ट्यात खिळ्याएवढं भोक असेल, हवा जाताच गाडी थांबवली असेल आणि ट्यूबवरचा पॅच नीट बसला असेल, तर टायर झिजेपर्यंत खुशाल फिरवा. पण चीर बाजूला असेल, हवा नसताना गाडी पळवली असेल किंवा टायरला कुठं फुगा आला असेल, तर तो टायर टाकून द्या. मग पंक्चर कितीही झकास काढलेलं असो.

मी साडूला जॅक लावून चाक काढायला लावलं. तसं काढायची गरज नव्हती, पण मला सगळ्यांसमोर काढायचं होतं. भोक बरोबर मध्ये. दोन्ही बाजू गुळगुळीत. वॉल्व्हवर थुंकी लावली, बुडबुडा नाही. स्टेअरिंग ओढायला लागल्याबरोबर गाडी थांबवली, असं साडूच म्हणाला होता. चाक ठणठणीत होतं. कारखान्यात असतो तर न बघता जीपला बसवलं असतं.

मी मान वर केली. बायको आरशात बघून केस सारखे करत होती. गाडीच्या आरशात.

"नेऊ नका," मी म्हणालो. "आतली तार तुटल्या. वरनं दिसत न्हाय, हाताला लागतं. माझी मानसं मी ह्या चाकावर बसवनार न्हाय."

मामांनी पुढं होऊन टायरवरनं हात फिरवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "व्हय, लागतंय." काय लागलं त्यांना, देवाला ठाऊक! साडूचं तोंड एवढंसं झालं. मला खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. मामा स्वतः पाणी ओतायला आले, "थोर उपकार झालं, पाव्हनं," म्हणाले. मी सावकाश हात धुतले, चहा घेतला, परत मागून घेतला आणि सावलीत बसून घेतला.

पुढच्या दारी आलो तर गाडीत माणसं बसलेली! साडूनं डिकीतनं स्टेपनी काढून केव्हाच बसवली होती. डिकीत पाचवं चाक असतं, हे मी, टायर फिटर, साफ विसरलो होतो. गाडी आता जागची हलणार नाही एवढ्याच आनंदात मी होतो. मागच्या सीटवर मामी, मेव्हणी, माझी बायको, आणि तिच्या मांडीवर माझी लेक. पुढं मामा. मला जागा नव्हती, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं.

मी रागानं गाडीच्या मागनं चाललो होतो आणि सहज वाकून बघितलं. स्टेपनीला आतल्या बाजूनं अर्ध्या लिंबाएवढा फुगा. रबर तडकलेलं. वर दुपारचं ऊन, पुढं तापलेला डांबरी रस्ता, आणि त्या चाकावर भरलेली गाडी.

"थांबा! ही स्टेपनी नको. फुगा हाय हिला. फुटंल."

साडू खाली उतरून बघायला लागला. "त्यो फुगा पहिल्यापासनं हाय, साडूभाऊ. काय हुत न्हाय. पुन्यापातूर जाऊन आलोय हिच्यावर."

"आरं फुटंल म्हंतो ना!"

मेव्हणीनं काचेतनं डोकं बाहेर काढलं. "दाजी, मगाशी त्यो न्हाय, आता ह्यो न्हाय. जळायचं त्ये जळा, पर आईची आंगूळ कशाला बुडवताय?"

तिनं हे हसत म्हटलं होतं. पण दुसरं कुणी हसलं नाही. मामा समोर बघत म्हणाले, "पाव्हनं, गाडी जाऊ द्यायचीच नसंल तर सरळ तसं सांगा की." माझी बायको खाली मान घालून बसलेली. म्हणजे हे सगळ्यांना आधीपासून दिसत होतं. मी समजत होतो की मी मनातल्या मनात जळतोय.

साडू परत गाडीत बसला. चावी फिरवली. मी पुढं जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"मगाशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. "त्यो टायर चांगला हाय. त्याला काय झाल्यालं न्हाय. गाडी बघून पोटात दुखलं म्हनून बोललो. आता खरं बोलतोय. ही स्टेपनी काढा."

इंजिन बंद झालं. साडू उतरला आणि त्यानं पाना माझ्या हातात दिला. मी गुडघे टेकून स्टेपनी काढली आणि पहिलं चाक परत बसवलं. एकेक नट दोनदोनदा आवळला. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात धजत नव्हता.

मामी बारीक आवाजात म्हणाल्या, "पर आता खरं कंचं धरायचं?"

बायको उतरली. तिनं लेकीला दंडाला धरून खाली घेतलं, डाव्या दारानं आत घातलं आणि बरोबर त्या चाकाच्या अंगाला, खिडकीशी बसवलं. दार लावलं. मग माझ्याकडं वळली.

"आता सांगा," ती म्हणाली.

मी लेकीकडं बघितलं. खिडकी मिळाली म्हणून ती खुशीत होती.

"चालंल," मी म्हणालो.

तीही आत बसली आणि ते गेले. मी ओट्यावर बसलो. इतकी वर्षं किती टायरांना मी चालंल म्हणालो असेन, पण त्यातली एक तरी गाडी परत येते का म्हणून कधी रस्त्याकडं बघत बसलो नव्हतो. चाक चांगलं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी धूळ उडाली की उठून उभा राहत होतो. उन्हं उतरताना गाडी आली. मामींचे केस ओले होते. त्यांनी मला प्रसाद दिला, अगदी आधीसारखाच दिला. साडू म्हणाला, "चाक झ्याक चाललं, साडूभाऊ. चला, बारामतीपातूर सोडतो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला झोंबलं. बायकोनं नको म्हणून सांगितलं.

फाट्यावर आम्हाला शेवटच्या आधीची बस मिळाली. लेक माझ्या मांडीवर झोपली. बायको खिडकीतनं बाहेर बघत होती. बारामती जवळ आली तरी अवाक्षर नाही. भांड की बाई एकदा, असं मला झालं होतं. शेवटी मीच म्हणालो, "चुकलं माझं. जळलो मी."

"तुमी जळताय त्ये मला ठावं हाय," ती बाहेरच बघत म्हणाली. "त्याचं काय न्हाय, जळत्यात मानसं. मी बी जळते. पर टायरचं खोटं बोलाल, आसं कधी वाटलं न्हवतं."