हातावरचं दही

आज सकाळी लेक पॉलिटेक्निकला निघाली, तेव्हा तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. ते पांढरंशुभ्र दही बघताना मनात आलं, हे फक्त बाहेर पडणाऱ्याच्या हातावर ठेवतात. चौथीनंतर मला घरी बसवलं, तेव्हा माझा हात कोरडाच राहिला. घरी बसणारीला कोण दही देतं?

मला बसवणारा माझा थोरला भाऊ. तो मुक्कामाला आलेला, खाटेवर बसून म्हणत होता, "मुलीच्या जातीला मशिनी कशाला? साधं बी.ए. कर म्हणावं. तोवर मी स्थळ बघतो."

"बघा की मामा," लेक हसली. "बिघडलं तर मीच दुरुस्त करीन."

दही चाटून ती पायरी उतरली. मामाच्या पाया पडली नाही. मीच तसं सांगून ठेवलं होतं. इतकी वर्षं गिळलेला राग आज जिभेवर गोड लागत होता.

वाटीत थोडं दही उरलं होतं. ते मी दादाच्या हातावर ठेवलं.

"मला कशाला गं? मी कुठं निघालोय?"

"तुझ्या घरी," मी म्हणाले.