तळ्याच्या कोपऱ्यातला गाळ

"आधी वास घ्या," हे मामांचं पालुपद. चहा आला तरी कप आधी नाकाशी न्यायचे. चेअरमननी पाजलेला असेल तर जरा जास्तच वेळ.

परंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शेतकरी सोसायटीत मी सेक्रेटरी होतो, ते गोदामाचे राखणदार. वयानं वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. कुलूप लावून दहा पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघायचे.

"मामा, आत्ता तुम्हीच लावलंत ना?"

"म्याच लावलं, म्हून तर बघतोय."

तुम्ही हसाल, पण इतका संशयी माणूस बघून मलाच त्यांचा संशय यायचा.

एका पावसाळ्यात गोदाम गळलं आणि किडीवरच्या पावडरीची पोती भिजून त्यांचे गोळे झाले. तपासणीला साहेब यायचे होते. मी म्हणालो, "तळ्यात टाका. जाईल विरून." त्यांनी कुरकुरत टाकली.

चार वर्षांनी दुष्काळ पडला. तळं आटलं, लोक गाड्या भरभरून गाळ शेतात नेऊ लागले. बायकांनी ओल बघून प्यायच्या पाण्यासाठी झिरा खणायला घेतला, तो नेमका त्याच कोपऱ्यात. मामा तिथं बाज टाकून बसले.

"हितलं प्यायचं न्हाय. गाळाला अजून पावडरीचा वास हाय."

चार वर्षांनी कसला वास! लोक आधी हसले, मग चिडले. मामा बौद्ध वस्तीतले. "झिरा आपल्याकडं घ्यायचा डाव हाय ह्येचा," असंही कुणी बोललं. मग एकानं विचारलं, "पावडर टाकली कुणी?"

मी तिथंच उभा होतो. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"म्या टाकली," ते म्हणाले.

शिव्या खाल्ल्या, पण झिरा दुसऱ्या टोकाला खणला गेला. आठवड्याभरात सोसायटीनं मामांना कामावरून काढलं. त्या कागदावर सही माझी आहे. सांगायला लाज वाटते.

ते लेकीकडं कुर्डुवाडीला निघाले, तेव्हा मी त्यांना एसटीच्या थांब्यावर गाठलं. वाटत होतं, त्यांनी मला सांभाळून घेतलं. विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर तुमी न्हाय म्हणला असता. लोकांनी सेक्रेटरीचं ऐकलं असतं, अन् तितलंच पाणी पिलं असतं."

एसटी आली, ते चढले. पुन्हा गावात आले नाहीत. त्यांचे बाकीचे संशय किती खरे होते, कोण जाणे. हा खरा होता. मी नाहीच म्हणालो असतो.