खंडेनवमीला अडकलेलं अनमाउंट

एरवी रघुनाथ केसकर ठणठणीत माणूस. पण योगिनी कोकरेचं कौतुक कानावर आलं की त्याच्या पोटात दुखायलाच लागायचं. इंदापूरहून रोज एसटीनं बारामतीला यायचा, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा कारभार बघायचा, आणि त्याला विचारल्याशिवाय तिथं पानही हलत नव्हतं. मग ही आली. सुप्याकडची. आजा आबाजी मेंढरं राखायचा, आणि नात पुण्यात शिकून थेट रघुनाथच्या हाताखाली! लॅबचं काम त्यानंच शिकवलं तिला. हेच तर जास्त झोंबत होतं.

नव्व्याण्णव साली तिनं खटपट करून आतल्या खोलीतली चार जुनी मशीनं जोडली आणि चौघांची मिळून एकच डिस्क केली. एका फाइलचे तुकडे चौघांत वाटलेले. पोरं बाहेरच्या ज्या मशीनवर काम करायची, त्यानं सकाळी ती डिस्क जोडून घ्यायची आणि बंद होण्याआधी, हातातलं सगळं ज्याचं त्याला पोचतं करून, सोडून द्यायची. त्या सोडण्याला अनमाउंट म्हणायचं. लॅब बघायला पाहुणे येऊ लागले. आले की पहिला प्रश्न, "योगिनी मॅडम कुठं आहेत?" रघुनाथ दारातच उभा असायचा, पण त्याला कोण विचारतंय!

खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून लॅबची पूजा असायची. दरवर्षी नारळ रघुनाथच्या हातचा. यंदा प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "या वेळी पूजा योगिनी करेल." झालं! रघुनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. आज नारळ गेला, उद्या लॅबही जाणार, असं त्यानं मनाशी धरलंच. "करू दे की," तो हसून म्हणाला, "पण मशीनं मी बंद करणार." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यानं सगळ्यात आधी त्या चौघांतलं मोठं मशीन बंद केलं. पहिला मान थोरल्याचा, दरवर्षीची रीतच होती ती. पूर्वी मशीनं सुटी होती, तेव्हा हे खपून जायचं. आता बाहेरच्या मशीनला त्याच थोरल्याकडं तुकडे पोचवायचे होते.

बाहेर योगिनीनं अनमाउंट केलं आणि पडदा गप्प. कुणी फाइल उघडी ठेवलीय का, तिनं बघितलं. कुणी नाही. हुकूम मागं घेऊन बघितला, मशीन ऐकेना. सरळ वीज तोडावी, तर पोरांच्या प्रोजेक्टचं न पोचलेलं काम मातीत जाणार. पूजेचं ताट घेऊन मंडळी ताटकळत उभी. मग पडद्यावर ओळ आली, मोठं मशीन उत्तर देत नाही.

"सर," तिनं आत हाक दिली. गडबडली की तिच्या तोंडी गावाकडचीच बोली यायची. "थोरलं मशीन चालू हाय नव्हं?"

आपण थोरलं आधी बंद केलं म्हणूनच हे अडकलंय, हे रघुनाथच्या आत्ता कुठं लक्षात आलं. खरं ते ओठावरही आलं होतं. पण बाहेर प्राचार्य चुळबुळ करत होते, आणि याच्या मनात कशा उकळ्या फुटत होत्या! "चालूच आहे की," तो म्हणाला. "तू तुझी वायर बघ."

बिचारी नव्या साडीनिशी टेबलाखाली शिरली. वायर चाचपत चाचपत आतल्या खोलीत, थेट थोरल्या मशीनपाशी आली. दिवा विझलेला. तिनं मशीनकडं बघितलं, मग रघुनाथकडं. आता ही बोंब मारणार, असं त्यानं धरलंच.

योगिनी बाहेर गेली. "सर," ती प्राचार्यांना म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाय सुटत. पूजेला केसकर सरांनाच बसवा. त्यांच्याच हातानं सुटंल."

प्राचार्यांनी तोंड वाकडं केलं आणि ताट रघुनाथकडं दिलं. हळद-कुंकू लावायच्या निमित्तानं त्यानं थोरल्याचं बटण दाबलं. मशीन घरघरत जागं झालं. जरा वेळानं बाहेरचा पडदा हलला, तुकडे पोचले, डिस्क सुटली.

"सुटलं! सरांनी सोडवलं!" योगिनीच ओरडली. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी रघुनाथची पाठ थोपटली आणि नारळ त्याच्याच हातात दिला.

पेढे वाटत ती त्याच्यापाशी आली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं, सर? तुमाला पूजा हवी हुती. मला पोरांचं काम वाचायला हवं हुतं."

रघुनाथनं पेढा घेतला. तिच्यावर रागवायलाही आता जागा उरली नव्हती, आणि मेला जळफळाट तर थांबायचं नाव घेईना.