सावकाश ओढलेली कणीक

मनगटाचं प्लास्टर निघालं, तरी बाबांचा हात वळेना. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, पण "आता हा असाच राहणार," म्हणून गप्प बसला. फिजिओथेरपीच्या ताईंनी त्यांना रोज कणीक मळायला सांगितली होती.

काल मी परात पुढे ठेवली. चिडून त्यांनी गोळ्याला हिसका दिला आणि तो तटकन तुटला. मग काय वाटलं कोण जाणे, दुसरा गोळा घेऊन ते सावकाश ओढू लागले. कणीक लांबत गेली, पण तुटली नाही.

"बघ," ते म्हणाले, "कणीक तीच. आपण तिला वेळ किती देतो, त्यावर सगळं आहे."

मी ओशाळलो. गेले कित्येक दिवस "हात हलवा ना" म्हणून मीच त्यांच्यावर खेकसत होतो. जे ताठर वाटतं, त्याला आपण बहुतेकदा घाईतच हात घातलेला असतो.

बाबांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि अगदी हळू वळवायला सुरुवात केली. कपाळावर घाम आला. तळवा अर्धाच वर झाला, पण झाला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय," ते म्हणाले, "पण ऐकतंय."